प्रॉडक्टमध्ये इंडस्ट्रियल प्रोटोकॉल टाकायचाय? लायसन्सचं काम कुठून सुरू करायचं ते सांगतो

अंबडला, सातपूरला, तिकडे सिन्नरला मुसळगाव-माळेगावला अशी भरपूर छोटी युनिट्स आहेत जी टेंपरेचर कंट्रोलर, पॅनल मीटर, रिले, डेटा लॉगर असलं काहीतरी स्वतः डिझाईन करून बनवतात. नाशिक तसंही स्विचगियर आणि पॅनलवाल्यांचं गाव. आणि या सगळ्यांना कस्टमरकडून हल्ली एकच प्रश्न येतो, मीटर चांगलाय हो, पण आमच्या पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलेल का, मॉडबस आहे का, प्रोफिनेट देता का, स्काडावर (कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर) दिसेल का. मॉडबस, प्रोफिनेट हे प्रोटोकॉल, म्हणजे मशीन्सनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. मग पोरं स्पेसिफिकेशनची पीडीएफ उतरवतात, गिटहबवरून एखादा स्टॅक, म्हणजे प्रोटोकॉलचा तयार कोड, घेतात, थोड्या दिवसात डेमो चालतो, सगळे खुश, आणि लायसन्सचा विषय कोणी काढतच नाही. तो निघतो तेव्हा बोर्ड बनून आलेले असतात, कॅटलॉग छापून झालेला असतो आणि मोठ्या कंपनीचं परचेस डिपार्टमेंट कागद मागत असतं.

हे काम बोर्डचं डिझाईन चालू व्हायच्या आधी करायचं असतं, कारण तेव्हा चिप बदलता येते, स्टॅक बदलता येतो, अगदी प्रोटोकॉलसुद्धा बदलता येतो. नंतर यातलं प्रत्येक बदलायला पैसे लागतात. मी फर्मवेअर (डिव्हाइसच्या आत चालणारा प्रोग्रॅम) आणि प्रॉडक्टच्या बाजूचा माणूस, त्यामुळे सही करायच्या आधी वकिलाला दाखवायचंच, पण वकिलाला नेमकं काय विचारायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं आणि त्यासाठी हे लिहितोय.

सुरुवातीला एवढं समजून घ्या

प्रोटोकॉल ही एक वस्तू नाहीये. त्याच्यामागे पाच वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि पाचही गोष्टींचा मालक वेगळा असू शकतो. एक, स्पेसिफिकेशनचा मजकूर, त्याच्यावर कॉपीराइट असतो. दोन, त्यातली टेक्निकल कल्पना, तिच्यावर पेटंट असू शकतं. तीन, नाव आणि लोगो, तो ट्रेडमार्क. चार, तुमच्या कंपनीला मिळणारा नंबर, म्हणजे व्हेंडर आयडी वगैरे. पाच, तयार कोड, म्हणजे स्टॅक, त्याचं सॉफ्टवेअर लायसन्स.

मॉडबसवर लावून बघू, कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा. १९७९ साली मोडिकॉनने स्वतःच्या पीएलसीसाठी काढला, पुढे मोडिकॉन श्नायडर इलेक्ट्रिककडे गेली आणि २००४ मध्ये प्रोटोकॉलचं काम वेगळ्या संस्थेकडे, आताच्या मॉडबस ऑर्गनायझेशनकडे आलं. स्पेसिफिकेशन फुकट उतरवता येतं, रॉयल्टी नाही. पेटंटची मुदत २० वर्षं असते त्यामुळे १९७९ च्या मूळ कल्पनेवर आता कोणी दावा सांगू शकत नाही. मॅन्युफॅक्चरर नंबर लागत नाही. पण मॉडबस हे नाव श्नायडरचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, आणि तुम्ही जो स्टॅक उतरवला त्याचं लायसन्स तिसऱ्याच कुणाचं. म्हणजे सगळ्यात सोप्या प्रोटोकॉलमध्येसुद्धा तीन खात्यांचे तीन मालक निघाले.

आता इथरकॅट घ्या. २००३ मध्ये बेकहॉफने आणला, त्याच वर्षी ईटीजी नावाचा ग्रुप झाला, मेंबरशिप फुकट. पण टेक्नॉलॉजी पेटंटेड आहे आणि नावही बेकहॉफचा ट्रेडमार्क. मास्टर (हुकूम देणारं डिव्हाइस) बनवणाऱ्याला लायसन्स फी नाही, स्लेव्ह (त्याला उत्तर देणारं डिव्हाइस) बनवणाऱ्याने ती स्लेव्ह कंट्रोलर चिपच्या किमतीतच भरलेली असते. म्हणजे तुम्ही अधिकृत चिप विकत घेतली की विषय मिटला, पण तेच तुम्ही म्हणालात की चिप नको, आपल्या एफपीजीएमध्येच (आतलं सर्किट आपण ठरवतो अशी चिप) करू, तर मग आयपी कोअरचं (तयार सर्किट डिझाईनचं) लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. चिप निवडणं हाच इथे लायसन्सचा निर्णय आहे, आणि तो निर्णय साधारणपणे नवीन लागलेला हार्डवेअर इंजिनियर किंमत बघून घेऊन टाकतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिलं काम: मालक शोधा आणि व्हर्जन लिहून ठेवा

एक साधी एक्सेल शीट करा. वर प्रोटोकॉलचं नाव, व्हर्जन नंबर, आणि खाली हे पाच कप्पे. मालकाच्या जागी संस्थेचं नाव लिहा, प्रोफिबस-प्रोफिनेट असेल तर पीआय, इथरनेट/आयपी आणि डिव्हाइसनेट असेल तर ओडीव्हीए, कॅनओपन असेल तर सीआयए (कॅन इन ऑटोमेशन), हार्ट असेल तर फील्डकॉम ग्रुप, ओपीसी यूए असेल तर ओपीसी फाउंडेशन, बॅकनेट असेल तर अ‍ॅश्रे, स्मार्ट मीटरचा डीएलएमएस-कोसेम असेल तर डीएलएमएस यूजर असोसिएशन. सबस्टेशनचा आयईसी ६१८५० असेल तर त्याचं प्रकाशन आयईसी (इलेक्ट्रिकल स्टँडर्डची आंतरराष्ट्रीय संस्था) करते.

व्हर्जन लिहायला विसरू नका कारण लायसन्स बहुतेक वेळा व्हर्जनला बांधलेलं असतं, जुन्या व्हर्जनसाठी मेंबर कंपन्यांनी पेटंटबद्दल दिलेला शब्द नव्या व्हर्जनमध्ये आलेल्या फीचरला लागू असेलच असं नाही.

मग स्पेसिफिकेशनचा कागद

यात फार वेळ घालवायचा नाही पण एक गोष्ट सरळ आहे. आयईसीचं स्टँडर्ड विकत घेतलं की पीडीएफवर विकत घेणाऱ्याचं नाव छापलेलं येतं आणि सिंगल यूजर लायसन्स असेल तर ते एकाच माणसासाठी असतं. ती पीडीएफ कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, सर्व्हरवरच्या कॉमन फोल्डरमध्ये ठेवायची नाही. आणि कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचं नाव छापलेली पीडीएफ तुमच्याकडे फिरत फिरत आली असेल तर ती आजच काढून टाका, ऑडिटला तीच पहिली सापडते. भारतीय स्टँडर्ड मात्र बरीचशी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर लॉगिन करून फुकट मिळतात, मीटरवाल्यांना लागणारं आयएस १५९५९ आणि स्मार्ट मीटरचं आयएस १६४४४ आधी तिथेच बघा.

अजून एक, स्पेसिफिकेशन वाचायला मिळालं म्हणजे त्यातले टेबल आणि आकृत्या उचलून आपल्या यूजर मॅन्युअलमध्ये चिकटवायला परवानगी मिळाली असं होत नाही. फ्रेम कशी दिसते ते आपल्या शब्दात, आपली आकृती काढून लिहा.

पेटंट, इथे मात्र सावकाश

नवीन माणूस इथे दोन टोकांना जातो, एकतर घाबरून काम बंद करतो नाहीतर आपल्याला कोण विचारतंय म्हणून सोडून देतो. दोन्ही नको.

पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. जर्मनीत पेटंट आहे पण भारतात घेतलेलंच नाही, तर भारतात बनवून भारतात विकायला अडचण नाही, पण तोच मीटर जर्मनीला एक्स्पोर्ट केला की तिथलं पेटंट लागू. म्हणून शीटमध्ये विकणार कुठे हा कॉलम पाहिजेच, सिन्नरमधून गल्फला किंवा युरोपला माल पाठवणारे बरेच आहेत. भारतीय पेटंट ऑफिसचा इनपास नावाचा सर्च फुकट आहे, बाहेरच्यासाठी एस्पासनेट आणि गुगल पेटंट्स. सर्च करताना प्रोटोकॉलचं नाव टाकून थांबू नका, पेटंटमध्ये नाव लिहिलेलंच नसतं बऱ्याचदा, मालक कंपनीचं नाव आणि टेक्निकल शब्द दोन्ही टाकून बघा.

आयएसओ, आयईसी आणि आयटीयू यांचं पेटंटबद्दल एकच कॉमन धोरण आहे, २००७ पासून. ज्याच्याकडे पेटंट आहे त्याने डिक्लेरेशन भरून द्यायचं आणि त्यात तीन पर्याय असतात. पहिला, वाजवी आणि भेदभाव नसलेल्या अटींवर फुकट लायसन्स देईन. दुसरा, तशाच अटींवर देईन पण पैसे घेईन. तिसरा, या दोन्हीपैकी काहीही कबूल नाही. ही डिक्लेरेशन्स त्यांच्या डेटाबेसमध्ये सगळ्यांना बघता येतात. तुमच्या स्टँडर्डचा नंबर टाका, कोणी डिक्लेअर केलंय आणि कुठला पर्याय टिक केलाय ते बघा, शीटमध्ये लिहा. पण लक्षात ठेवा की ते पेटंट खरंच लागू आहे का, खरंच आवश्यक आहे का, हे आयईसी तपासत नाही, त्यांनी फक्त कागद जमा करून ठेवलेला असतो. आणि डेटाबेसमध्ये नाव नाही म्हणजे पेटंटच नाही असंही धरून चालायचं नाही.

दुसऱ्या पर्यायाला लोक रँड किंवा फ्रँड म्हणतात. वाजवी म्हणजे किती हे कुठेच छापलेलं नसतं, बोलणी करावी लागतात, आणि बोलणी फिसकटली तर कोर्ट. आपल्याकडे हे मोबाईलमध्ये झालंय, एरिक्सनने २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सवर दिल्ली हायकोर्टात केस केली, आणि लावाच्या केसमध्ये मार्च २०२४ ला त्याच कोर्टाने २४४ कोटी रुपये नुकसानभरपाई ठरवली. आता तुम्ही म्हणाल आमचा टेंपरेचर कंट्रोलर आहे, मोबाईलशी काय संबंध. संबंध असा की हल्ली डेटा लॉगरमध्ये, मीटरमध्ये, द्राक्षबागेतल्या ड्रिप कंट्रोलरमध्ये सगळीकडे ४जी मोड्यूल बसतंय, आणि ४जी ची पेटंट्स जिवंत आहेत. मोड्यूल विकणाऱ्याने ती लायसन्स घेतलीत का, आणि उद्या कोणी दावा केला तर तो तुमच्या मागे उभा राहणार का, हे त्याच्या सेल्स टर्म्समध्ये असतं. बऱ्याचदा तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की स्टँडर्डशी संबंधित पेटंटची जबाबदारी आमची नाही. स्वस्त मोड्यूलचं कोटेशन आलं की ही ओळ आधी शोधा, किंमत नंतर.

कॅनबद्दल, म्हणजे कॅनओपन ज्याच्यावर चालतो त्या बॉशच्या प्रोटोकॉलबद्दल, एक प्रश्न नेहमी येतो, बॉशचं लायसन्स लागतं का. ते चिपच्या आत कॅन कंट्रोलर बनवणाऱ्याला लागतं, तुम्ही नामांकित कंपनीचा मायक्रोकंट्रोलर विकत घेताय तर ते काम चिपवाल्याने केलेलं असतं. फक्त चिप अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून घ्या आणि बिल जपून ठेवा, तेच तुमचं पुराव्याचं कागदपत्र.

कोड: खरं घोडं इथे पेंड खातं

मी जेवढी भानगडीत आलेली प्रकरणं जवळून पाहिलीत त्यात पेटंटपेक्षा कोडचीच जास्त. याचं कारण साधंय, पेटंट शोधावं लागतं पण कोडचं लायसन्स तर फाईलच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं आणि तरी कोणी वाचत नाही.

ओळखीचेच स्टॅक घेऊ. फ्रीमॉडबसचा स्लेव्ह बीएसडी लायसन्सवर आहे, म्हणजे कॉपीराइटची नोटीस आणि लायसन्सचा मजकूर डॉक्युमेंटेशनमध्ये द्या आणि वापरा, तुमचा कोड तुमच्याकडेच राहतो. लिबमॉडबस एलजीपीएल २.१ वर आहे. लिनक्सवाल्या गेटवेमध्ये ती वेगळी लायब्ररी म्हणून लिंक केली तर सोपं, पण तुम्ही सगळं एकत्र करून एकच बायनरी बनवलीत तर ग्राहकाला ती लायब्ररी बदलून परत लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते, म्हणजे तुमच्या बाजूच्या ऑब्जेक्ट फाईल्स (कंपाईल झालेले तुकडे) तरी द्याव्या लागतात. ओपन६२५४१ हा ओपीसी यूए चा स्टॅक एमपीएल २.० वर आहे, त्यांच्या फाईलमध्ये केलेले बदल उघड करायचे, तुमच्या वेगळ्या फाईल्स तुमच्या.

आणि आता नाशिकच्या स्विचगियरवाल्यांनी नीट वाचा. आयईसी ६१८५० साठी सगळे जी लिबआयईसी६१८५० लायब्ररी उतरवतात ती जीपीएल ३ वर आहे. ती रिलेच्या फर्मवेअरमध्ये टाकून रिले विकलात तर जीपीएल प्रमाणे त्या फर्मवेअरचा सोर्स कोड ग्राहकाला द्यायची तयारी ठेवावी लागते, त्यात तुमचा प्रोटेक्शनचा अल्गोरिदम, ज्याच्यावर तुमची वर्षानुवर्षांची मेहनत आहे तोसुद्धा आला. त्याच लायब्ररीचं कमर्शियल लायसन्स पैसे देऊन मिळतं. डेमोला जीपीएल वापरा, काही बिघडत नाही, पण माल बाहेर जायच्या आधी कमर्शियल लायसन्सचं कोटेशन मागवा आणि ते प्रॉडक्टच्या कॉस्टिंगमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. लिब६०८७० या लायब्ररीचंही तसंच.

प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. सोर्सच्या फोल्डरमध्ये लायसन्स किंवा कॉपीइंग नावाची फाईल असते ती उघडा. मग प्रत्येक सी फाईलच्या वरच्या दहा-वीस ओळी बघा, कारण फोल्डरचं लायसन्स एक आणि मधल्याच एखाद्या फाईलचं दुसरं असं होतं, सीआरसीचं (मेसेज बरोबर आला का ते तपासणारं) फंक्शन कुणीतरी कुठून तरी आणून डकवलेलं असतं. जिथे काहीच लिहिलेलं नाही तो कोड फुकट आहे असं समजू नका, काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचे. एका अंबडच्या युनिटमध्ये आम्ही हे केलं तेव्हा मॉडबसच्या पूर्ण स्टॅकचं लायसन्स स्वच्छ निघालं आणि अडकलं कुठे तर डिस्प्लेच्या फाँटच्या फाईलमध्ये. तो फाँट बदलायला अर्धा दिवस लागला. हे माल गेल्यावर कळलं असतं तर गेलेले सगळे मीटर परत बोलवून फर्मवेअर टाकत बसावं लागलं असतं.

आणि फ्रीलान्सर. नाशकात फर्मवेअर बाहेरून लिहून घ्यायची पद्धत आहे, कॉलेजचे सर असतात, नोकरी सोडून स्वतःचं चालू केलेली पोरं असतात. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड वेगळं काही ठरलं नसेल तर कंपनीचा असतो, पण फ्रीलान्सरचं तसं नाही, पैसे दिले म्हणजे कॉपीराइट आला असं होत नाही, लेखी असाइनमेंट लागते. आणि १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ मध्ये एक गोष्ट आहे जी फार कमी जणांना माहीत असते, असाइनमेंटमध्ये मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे एका पानाचा घाईघाईत केलेला करार असेल तर पाच वर्षांनी तुमच्याच मीटरचा कोड तुमचा राहत नाही, आणि एक्स्पोर्टसाठी तर तो पहिल्यापासूनच तुमचा नव्हता. करारात कायमस्वरूपी आणि जगभरासाठी हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. शिवाय मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपतो असंही त्याच कलमात आहे, तर ते लागू होणार नाही हेही लिहून घ्या.

दुसऱ्याच्या बंद प्रोटोकॉलशी बोलायचं असेल, म्हणजे जुन्या मशीनच्या पीएलसीचा स्वतःचाच काहीतरी प्रोटोकॉल आहे आणि कागदपत्रं मिळत नाहीत, तर त्यासाठी कलम ५२ मध्ये सवलत आहे. ज्याच्याकडे तो प्रोग्रॅम कायदेशीरपणे आहे त्याला आपला स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यापुरती माहिती काढता येते, ती माहिती इतर कुठे सहज मिळत नसेल तर. पण तुम्ही त्या कंपनीबरोबर एनडीएवर (गुप्तता करारावर) सही केलेली असेल तर तो करार वेगळा बघावा लागेल, इथे वकील लागणारच.

नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस

हे काम पटकन होतं पण वेळेत करा कारण समोरून उत्तर यायला दिवस जातात. प्रोफिबसला आयडेंट नंबर आणि जीएसडी फाईल (डिव्हाइसची माहिती पीएलसीला देणारी), प्रोफिनेटला व्हेंडर आयडी, इथरकॅट, कॅनओपन आणि इथरनेट/आयपी ला व्हेंडर आयडी, मीटरला तीन अक्षरी मॅन्युफॅक्चरर कोड. बॅकनेटचा व्हेंडर आयडी अ‍ॅश्रे फुकट देते. दुसऱ्या कंपनीचा आयडी टाकून माल विकायचा नाही, चायनीज मोड्यूल घेतलं तर त्यात मुळात कुणाचा आयडी आहे ते पीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करून बघा, तुमच्या बॉक्सवर तुमचं नाव आणि स्क्रीनवर दुसऱ्याचं असं ग्राहकाला दिसलं की विश्वास गेला.

इथरनेट असेल तर मॅक अ‍ॅड्रेसही (प्रत्येक नगाचा वेगळा नेटवर्क नंबर) स्वतःच्या मनाने टाकता येत नाही. आयईईई या संस्थेकडून ब्लॉक विकत घ्यायचा, सगळ्यात छोटा ४०९६ अ‍ॅड्रेसचा मिळतो, त्याच्या वरचा साधारण साडेदहा लाखांचा. वर्षाला शे-दोनशे नग विकणार असाल तर मॅक अ‍ॅड्रेस आधीच भरून येणारी छोटी ईईप्रॉम (मेमरी) चिप मिळते ती बोर्डवर बसवा, ब्लॉक घ्यायची गरजच नाही.

नाव, लोगो आणि टेस्टिंग

डेटाशीटवर मॉडबस आरटीयू कम्युनिकेशन आहे असं माहिती म्हणून लिहिणं आणि लोगो छापणं यात फरक आहे. माहिती म्हणून लिहायला साधारणपणे हरकत नसते, खाली तो ट्रेडमार्क कुणाचा ते लिहा. पण लोगो लावायला परवानगी लागते आणि परवानगी बऱ्याच ठिकाणी टेस्टला जोडलेली असते. प्रॉडक्टच्या नावातच प्रोटोकॉलचं नाव घालू नका, मॉडबसमित्र किंवा प्रोफिनेट प्लस असलं काही तर अजिबात नको, ते नाव कधीच तुमच्या नावावर रजिस्टर होणार नाही आणि नोटीस यायची ती येईलच.

टेस्टचं प्रत्येकाचं वेगळं. प्रोफिनेटला सर्टिफिकेशन बंधनकारक आहे. ओडीव्हीएकडे आधी टर्म्स ऑफ यूसेज अ‍ॅग्रीमेंटवर सही, मग कन्फॉर्मन्स टेस्ट, मग डिक्लेरेशन ऑफ कन्फॉर्मिटी. इथरकॅटला व्हेंडर आयडी घेतानाच तुम्ही कबूल करता की त्यांच्या टेस्ट टूलवर डिव्हाइस तपासूनच बाजारात आणणार. आणि सर्टिफिकेट ठराविक हार्डवेअर आणि फर्मवेअर व्हर्जनचं असतं, उद्या तुम्ही प्रोसेसर मिळत नाही म्हणून दुसरा बसवलात तर परत टेस्ट करावी लागेल का ते आधी विचारून घ्या. चिप शॉर्टेजच्या वेळी याच प्रश्नावर खूप जणांची गाडी अडली होती.

मेंबरशिपचा फॉर्म भरताना

लोक फी बघतात. फी नंतर बघा, आधी पेटंट धोरण किंवा आयपीआर पॉलिसी नावाचा कागद उघडा, तो मेंबरशिप अ‍ॅग्रीमेंटला जोडलेला असतो. त्यात चार गोष्टी शोधायच्या. तुमच्या स्वतःच्या पेटंटचं काय होणार, म्हणजे मेंबर झालात की तुमची त्या स्टँडर्डला लागणारी पेटंट्स बाकी मेंबरांना फुकट द्यायची का पैसे घेऊन. आवश्यक पेटंट म्हणजे काय याची व्याख्या, साधारणपणे जे टाळून स्टँडर्ड पाळताच येत नाही तेवढंच, पण ऑप्शनल फीचर त्यात धरलेत का ते बघा. ग्रुप कंपन्या त्यात येतात का, तुमच्या भावाच्या नावावर दुसरी फर्म असेल तर हा प्रश्न खरा आहे. आणि मेंबरशिप सोडली तर काय, बहुतेक ठिकाणी तोपर्यंतच्या व्हर्जनसाठी दिलेला शब्द तसाच राहतो, सोडला म्हणून सुटका नाही.

ज्यांच्याकडे एकही पेटंट नाही त्यांच्यासाठी हा व्यवहार फायद्याचाच आहे, द्यायचं काही नाही आणि मोठ्या कंपन्यांची पेटंट्स वापरायला मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या युनिटने एका प्रोटोकॉलची मेंबरशिप वेळेवर घ्यावी आणि तोच नीट करावा, कॅटलॉगमध्ये सहा लोगो दाखवायच्या नादात पडू नये.

पैसे बाहेर पाठवताना

बँकेत जायच्या आधी सीएकडे जा. परदेशी कंपनीला रॉयल्टी देताना टीडीएस कापावा लागतो, साधा दर २० टक्के अधिक सरचार्ज-सेस, पण दोन देशांतल्या दुहेरी कर टाळायच्या करारामुळे जर्मनीसाठी १० टक्के आणि अमेरिकेसाठी साधारण १५ टक्के लागतो, समोरच्याने त्यांच्या देशाचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट दिलं तर. वर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी तुम्ही भरायचा, तो पुढे क्रेडिट मिळतो. प्रत्येक पेमेंट रॉयल्टी नसतं, तयार सॉफ्टवेअर विकत घेणं रॉयल्टीत बसत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा निकाल आहे, मेंबरशिप फीचं अजून वेगळं, म्हणून इन्व्हॉइसवर नेमकं काय लिहिलंय ते सीएला दाखवा. आणि करारात रक्कम टॅक्स वजा जाऊन पूर्ण मिळाली पाहिजे असं लिहिलं असेल तर तो टॅक्स तुमच्या खिशातून जाणार, १००० युरोचं कोटेशन मग १००० चं राहत नाही.

आपलाच प्रोटोकॉल स्टँडर्ड करायचा असेल

हेही नाशकात व्हावं असं मला मनापासून वाटतं. समजा कोल्ड स्टोरेज आणि पॅकहाउसचे सेन्सर बनवणाऱ्या चार-पाच युनिट्सनी ठरवलं की सगळ्यांचे सेन्सर एकाच भाषेत बोलतील, तर बागायतदाराला एकाच कंपनीवर अडकून राहावं लागणार नाही. अशा वेळी क्रम महत्त्वाचा.

आधी पेटंट लायक काही आहे का ते बघा. नुसता प्रोग्रॅम भारतात पेटंट होत नाही, १९७० च्या कायद्याचं कलम ३(के), पण हार्डवेअरसकट काही नवीन टेक्निकल परिणाम असेल तर पेटंट एजंटला दाखवा. प्रोव्हिजनल अर्ज केला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची फी छोट्या उद्योगाला आणि स्टार्टअपला १६०० रुपये, उद्यम सर्टिफिकेट त्यासाठी चालतं, महाराष्ट्रासाठी पेटंट ऑफिस मुंबईचं, अँटॉप हिलचं, पण अर्ज घरून होतो. हे व्हायच्या आधी प्रोटोकॉल कुणाला दाखवू नका, इंडस्ट्रियल एक्झिबिशनमध्ये स्टॉल लावून तर नाहीच, कारण प्रदर्शनासाठीची कायद्यातली सवलत फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला आहे, बाकीच्या ठिकाणी दाखवलं की नवेपण गेलं.

मग तेच पाच कप्पे, यावेळी मालक म्हणून. स्पेसिफिकेशन कुणालाही वाचायला आणि वापरायला द्या. पेटंट असेल तर स्पेसिफिकेशन पूर्ण पाळणाऱ्या प्रॉडक्टला रॉयल्टी नाही असं लिहून द्या, आणि जो आपल्यापैकी कुणावर याच स्टँडर्डवरून पेटंटची केस करेल त्याचं लायसन्स रद्द अशी अट घाला. नाव मात्र हातात ठेवा, छोट्या उद्योगाला ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एका क्लासला ४५०० रुपये आहे, आणि नाव वापरायची परवानगी टेस्ट पास झालेल्यालाच द्या, नाहीतर अर्धवट जुळणारे सेन्सर बाजारात येतील आणि शिव्या सगळ्यांना बसतील. नमुना कोड बीएसडीसारख्या मोकळ्या लायसन्सवर टाका म्हणजे नवीन युनिट पटकन सुरू करेल. सगळं कुठल्या एकाच युनिटच्या नावावर ठेवू नका, ते युनिट उद्या विकलं गेलं तर नाव नव्या मालकाकडे जाईल, सगळ्यांची मिळून संस्था रजिस्टर करा आणि हक्क तिच्याकडे द्या. आणि पहिल्या मीटिंगलाच, चहा यायच्या आधी, प्रत्येकाकडून सही घ्या की मीटिंगमध्ये सुचवलेली गोष्ट स्टँडर्डमध्ये गेली तर तिच्यावर नंतर पैसे मागणार नाही. नंतर मागितलेली सही मिळत नाही, तोपर्यंत कुणाच्या तरी मनात हिशोब सुरू झालेला असतो.

शेवटचा कागद: परचेस ऑर्डरची मागची बाजू

मोठ्या कंपनीची ऑर्डर आली की मागे छापील अटी असतात, त्यात एक कलम असतं की सप्लायरच्या मालामुळे पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्कचा काही दावा आला तर सगळा खर्च सप्लायरचा, रकमेला मर्यादा नाही. ऑर्डरच्या आनंदात कोणी वाचत नाही. परचेसवाल्या साहेबांशी नीट बोलून त्यात दोन बदल मागा, जबाबदारी ऑर्डरच्या रकमेपुरती ठेवा, आणि ग्राहकाने स्वतःच्या स्पेसिफिकेशनमध्ये जो प्रोटोकॉल सांगितलाय त्याच्या पेटंटची जबाबदारी त्यांची असं लिहून घ्या. पहिल्या फटक्यात नाही म्हणतात, पण तुमची पाच कप्प्यांची शीट भरलेली असेल, लायसन्सच्या फाईल्स, चिपची बिलं, टेस्ट सर्टिफिकेट, फ्रीलान्सरच्या असाइनमेंट सगळं एका फोल्डरमध्ये लावलेलं असेल आणि ते समोर ठेवलं तर बोलणं बदलतं. त्याच फोल्डरमध्ये मेंबरशिप आणि टेस्ट टूलच्या रिन्यूअलच्या तारखा लिहा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधीचा अलार्म लावा, तो अकाउंट्सवाल्याच्या फोनवरही लावा.